कल्याणची एक नादुरुस्त बंदूक : दुरुस्ती, विक्री आणि पुरावा

जुनें दप्तर जमविणारे व जुनीं शस्त्रें जमविणारे ह्यांच्या वर्तनांत एक मोठा फरक आहे. दप्तर जमविणारा गृहस्थ फाटक्या कागदास हात लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करितो. शस्त्र जमविणारा गृहस्थ अडलेली कळ दिसली कीं लोहारास हांक मारितो. वाळवीनें खाल्लेलें अक्षर आपल्या हातानें भरून काढणें पहिल्यास पाप वाटतें. झिजलेला खटका तसाच राहूं देणें दुसऱ्यास हयगय वाटते. दोघेही इतिहासाचे सेवक म्हणवितात. तेव्हां एकाच्या शास्त्रांत जें पाप तें दुसऱ्याच्या शास्त्रांत पुण्य कसें, हा प्रश्न केव्हां तरी विचारणें प्राप्त आहे. कल्याण येथील एका जुन्या वाड्यांतील बंदूक आमच्यापुढें अभिप्रायासाठीं आली. तिच्या निमित्तानें तो येथें विचारीत आहों.

बंदुकीच्या मालकांचें नांव देण्याचें कारण नाहीं. बंदूक पिढीजात असून तिजवर रीतसर परवाना आहे. वाड्याची वांटणी व्हावयाची असल्यामुळें ती विकावी असा भावाभावांत विचार ठरला, आणि एका मध्यस्थानें गिऱ्हाईक आणिलें. गिऱ्हाइकाची अट एवढीच कीं, चापांतील जुनी खोड काढून बंदूक चालती करून द्यावी. मध्यस्थानें सोबत चार पानांचें एक टिपण जोडलें होतें. त्या टिपणांत चार विधानें आहेत. पहिलें, ही बंदूक चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंतील आहे. दुसरें, तिचा चाप दगा देतो तो मूळ घडणीचा दोष असून तत्कालीन मराठी कारागिरीचा तो नमुना होय. तिसरें, दुरुस्तीनें वस्तूची किंमत वाढेल, हानि कांहींच होणार नाहीं. चौथें, बंदूक बिघडलेली असल्यामुळें ती शस्त्रविषयक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. हीं चारही विधानें आमच्या मतें चुकीचीं आहेत. परंतु तीं एकट्या ह्या मध्यस्थाचीं नव्हेत. थोड्याबहुत फरकानें तीं ठाण्यापासून पुण्यापर्यंत प्रत्येक संग्राहकाच्या ओसरीवर ऐकूं येतात. म्हणून त्यांचें परीक्षण एका टिपणाचें परीक्षण न राहतां एका रूढ समजुतीचें परीक्षण होतें.

प्रथम काळाविषयीं. बंदूक ठासणीची असून चाप चकमकीचा आहे. नळीची लांबी सुमारें ३९ इंच व तोंडाचा व्यास पाऊण इंचाच्या आसपास आहे. चापाच्या पट्टीवर मागील पायांवर उभा राहिलेला व पुढील पंजांत मुकुट धरलेला सिंह कोरलेला आहे. हें इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचें चिन्ह होय. कंपनीच्या बंदुकांवर आरंभीं बदामाच्या आकाराचें, चार घरांत विभागलेलें व आंत आद्याक्षरें असलेलें चिन्ह असे. सिंहाचें चिन्ह त्याच्या जागीं १८०८ च्या सुमारास आलें. ३९ इंची नळीचा हा घाटही मूळचा कंपनीसाठींच इंग्लंडांत तयार होणारा असून, १७९३ पासून फ्रेंचांशीं युद्ध जुंपल्यावर हत्यारांच्या टंचाईमुळें तो खुद्द ब्रिटिश सरकारनेंही उचलला. वसईच्या मोहिमेस आरंभ झाला १७३७ सालीं, आणि वसई पडली १७३९ च्या मे महिन्यांत. म्हणजे जी बंदूक १८०८ पूर्वींची असूं शकत नाहीं, ती तिच्या जन्मापूर्वीं जवळ जवळ सत्तर वर्षें झालेल्या मोहिमेंत लढविली गेली असें हें टिपण म्हणतें.

येथें एक शंका काढतां येईल. जुन्या बंदुकीवर नवा चाप बसविलेला नसेल कशावरून? शिवाय कंपनीच्या सिंहाच्या नकला खैबरकडील कारागीरांनीं पुष्कळ केलेल्या आहेत, व त्यांतील कित्येक बाजारांत अस्सल म्हणून खपतात. दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणून चाप उतरवून पाहिला. पट्टी लांकडांतील खांचेंत चपखल बसते. खांच रुंद केल्याची किंवा मागाहून भरल्याची खूण नाहीं. पट्टीच्या आंतील बाजूस जुळणीच्या वेळीं मारलेल्या बारीक रेघा आहेत व त्याच संख्येच्या रेघा आंतील भागांवरही आहेत. नकलेंत सिंहाची आकृति बहुधा बेढब होते व अक्षरें चुकतात. तसें येथें नाहीं. तेव्हां चाप, नळी व दस्ता एकाच जन्माचीं आहेत असें धरण्यास हरकत दिसत नाहीं.

मग कंपनीची बंदूक कल्याणच्या वाड्यांत आली कशी? ह्या प्रांताचा इतिहास ध्यानांत घेतल्यास त्यांत नवल नाहीं. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं घेतला; पोर्तुगीजांनीं तो परत घेण्याचा यत्न १७३८ सालीं केला, त्यांत त्यांचा सेनापति पेद्रु द मेलु पडला. पुढें १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं हल्ला करून ठाणें घेतलें. १७८० सालीं त्यांनीं कल्याणही घेतलें व मराठी फौजेनें तें घेरलें असतां मे महिन्याच्या अखेरीस कर्नल हार्टले मदतीस धांवून गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी व ठाणें इंग्रजांकडे राहिलें, कल्याण पेशव्यांकडे परत आलें. त्यानंतर सुमारें पस्तीस वर्षें, पेशवाई बुडेपर्यंत, खाडीच्या एका तीरावर कंपनीचें लष्कर व दुसऱ्या तीरावर पेशव्यांचा अंमल अशी स्थिति होती. अशा सरहद्दीवर हत्यारें इकडून तिकडे जाण्यास लढाईच लागते असें नाहीं. पळून आलेला शिपाई आपली बंदूक घेऊन येतो. सरकारी कोठींतून रद्द केलेलें सामान लिलावांत निघतें. कोणी इनामादाखल पावतो. ह्यांपैकीं कोणत्या वाटेनें ही बंदूक आली हें ठरविण्यास आज साधन नाहीं. घरांतील रुमाल आम्हीं चाळले, त्यांत बंदुकीचा उल्लेख मिळाला नाहीं. जेथें कागद नाहीं तेथें मौन धरणें हा इतिहासाचा पहिला धर्म. मध्यस्थाच्या धंद्यास तो परवडत नाहीं, म्हणून तेथें चिमाजी अप्पांस बोलवावें लागतें. वस्तुतः दोन राज्यांच्या सरहद्दीवर वावरलेली कंपनीची बंदूक ही खोट्या वसईकर बंदुकीपेक्षां अधिक मोलाची आहे. परंतु हें मोल समजण्यास थोडा इतिहास वाचावा लागतो.

आतां दोषाविषयीं. तो समजण्यासाठीं चापाची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या जबड्यांत गार धरलेली असते. घोडा सुटला म्हणजे गार पोलादाच्या उभ्या पत्र्यावर घासते, ठिणग्या प्याल्यांतील रंजकावर पडतात, आणि रंजकाची ज्वाला नळीच्या कानांतून आंत शिरून मुख्य दारू पेटविते. घोड्याच्या आंसावर, पट्टीच्या आंतल्या अंगास, एक लहानसें चक्र असतें. त्यास दोन खांचा असतात. घोडा अर्धा चढविला म्हणजे खटक्याचें टोंक पहिल्या खांचेंत अडकतें. ही खांच खोल व अंकुशासारखी असते, म्हणून कळ ओढली तरी घोडा सुटत नाहीं. भरलेली बंदूक ह्याच स्थितींत वाहून नेतात. घोडा पुरता चढविला म्हणजे तेंच टोंक दुसऱ्या, उथळ खांचेंत येतें व कळ ओढतांच निसटतें. प्रस्तुत बंदुकींत पहिली खांच धरीत नाहीं. अर्ध्या चढावावर असतां दस्त्यास थोडा धक्का लागला कीं घोडा पडतो. बंदूक भरलेली असल्यास ह्याचा अर्थ काय, तें सांगावयास नको. मालकांच्या घरीं त्यांच्या आजोबांपासूनचा दंडक असा आहे कीं, ही बंदूक भरून खुंटीस लावूं नये. दोष जुना असल्याचा ह्याहून चांगला तोंडी पुरावा मिळणें कठीण.

परंतु दोष जुना म्हणजे मूळचा असें होत नाहीं. भिंग लावून पाहिलें असतां ह्या चापांत मूळ कारागीराखेरीज आणखी तीन हात स्पष्ट ओळखूं येतात. पोथ्या पाहणारास ही रीति परिचित आहे. मूळ लेखकाची शाई वेगळी, समासांत पाठ सुधारणाराची वेगळी, आणि हरताळ फासून त्यावर पुन्हां लिहिणाराची वेगळी. येथें शाईच्या ठिकाणीं लोखंड आहे, इतकाच फरक.

पहिला हात जाणत्या लोहाराचा आहे. खटक्याचें झिजलेलें टोंक काढून त्याच्या जागीं त्यानें पोलादाचा तांदळाएवढा तुकडा पितळेनें झाळून बसविला आहे. सांधा इतका नीट कीं प्रथमदर्शनीं दिसत नाहीं. त्या तुकड्याच्या कडाही पुढें वापरानें गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणजे ही दुरुस्ती पुष्कळ काळ उपयोगी पडली. दुसरा हात घाईचा आहे. त्यानें कानशीनें पहिली खांच खोल केली; कानशीचे तिरपे ओरखडे चक्राच्या अंगावर अजून आहेत. तिसरा हात अगदीं अलीकडचा. चक्रास आंसावर धरणारा पेंच त्यानें बदलला. जुन्या पेंचांचे आटे हातानें पाडलेले, थोडे असमान असतात, व एका चापाचा पेंच दुसऱ्या चापांत बहुधा बसत नाहीं. पेंचांच्या आट्यांचें पहिलें सर्वमान्य प्रमाण इंग्लंडांत व्हिटवर्थनें १८४१ सालीं मांडलें. प्रस्तुत पेंचाचे आटे यंत्रानें पाडलेले असून त्यांचें माप मिलिमीटरांत बिनचूक उतरतें. आपल्याकडे दशमान मापें १९५६ च्या कायद्यानंतर रूढ झालीं. तेव्हां हा हात बहुधा त्यानंतरचा.

दोष वारंवार कां उद्भवतो ह्याचें उत्तर दुसऱ्या हातांत आहे. चापाचे आंतील भाग सबंध पोलादाचे नसत. ते मऊ लोखंडाचे घडवीत, आणि मग हाडांचा व चामड्याचा कोळसा भोंवतीं भरून बंद पेटींत तापवून पाण्यांत विझवीत. त्यामुळें लोखंडावर पोलादाची एक पातळ, कठीण साल चढे. सर्व टिकाऊपणा ह्या सालींत असतो. कानशीनें खांच खोल करणारानें ती सालच कापून काढली. खाली राहिलें मऊ लोखंड. तें कांहीं महिन्यांत झिजतें, घोडा पुन्हां निसटूं लागतो, पुन्हां कोणी कानस लावतो, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर पुढील बिघाड जवळ येतो. म्हणजे ज्यास टिपणकार मूळ घडणीचा दोष म्हणतात तो दुरुस्तीनें उत्पन्न झालेला दोष आहे. आणि ज्यास ते मराठी कारागिरीचा नमुना म्हणतात तो चाप मुळांत विलायती आहे. देशी हाताचा पुरावा ह्या चापांत खात्रीनें कोठें असेल तर तो पितळेच्या त्या लहानशा सांध्यांत असण्याचा संभव अधिक. आणि तेंच त्यांतील सर्वांत चांगलें काम आहे.

टिपणकारांच्या ह्या विधानास एका मोठ्या मताचा आधार आहे, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. सुरेंद्रनाथ सेन ह्यांनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथांत तोफा-बंदुकांच्या बाबतींत मराठे परकीयांवर अवलंबून राहिले ह्या गोष्टीवर भर दिला आहे. शिवकाळांत फ्रेंचांकडून तोफा घेतल्याचे उल्लेख आहेत, पेशवाईंत परकीय गोलंदाज व कारागीर ठेविले गेले, हें सर्व खरें आहे. सेनांचा ग्रंथ परिश्रमाचा आहे आणि त्याचें ऋण आम्ही मानतों. परंतु त्यांच्या मागून येणारांनीं त्या मतास असें वळण दिलें कीं, मराठी जिन्नसवारींत कोठें बंदूक किंवा तोफ नादुरुस्त म्हणून आढळली कीं तो कारागिरीच्या हीनत्वाचा दाखला समजावा. हा तर्क सदोष आहे. जगांतील प्रत्येक फौजेच्या कोठारांत नादुरुस्त हत्यारांची यादी असते; ती नसेल तर कोठारावर लक्ष ठेवणारा कोणी नव्हता इतकेंच सिद्ध होईल. विचारण्याचा प्रश्न असा कीं, बिघाड ओळखून त्याचा प्रतिकार करण्याची व्यवस्था होती कीं नव्हती?

ह्या प्रश्नावर आज्ञापत्राची साक्ष मोलाची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, १७१५-१६ च्या सुमाराच्या ह्या ग्रंथांतील दुर्गप्रकरण बहुतेक लोक किल्ल्यांच्या रचनेसाठीं वाचतात. तेथेंच पावसाळ्यांत तोफांना तेलमेण देणें, त्यांचे कान मेणानें बुजविणें व वरून आच्छादन घालणें, तसेंच दारू व बाण ठराविक दिवसांनीं बाहेर काढून त्यांस ऊन देणें, ह्यांविषयीं स्पष्ट आज्ञा आहेत. मेणानें कान बुजविण्याची आज्ञा ही केवळ राजनीति नव्हे. कोंकणचा पाऊस व तोफेचें लोखंड ह्यांचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या माणसाचे ते शब्द आहेत. दारू जळल्यावर मागें राहणारे क्षार हवेंतील ओल शोषून घेतात; कानांतून पाणी आंत गेलें कीं पहिला गंज नळीच्या बुडाशीं, नेमका जेथें दाब सर्वांत अधिक तेथें, चढतो. शिवाय प्रत्येक बाराबरोबर कान थोडा थोडा रुंद होतो. तो फार रुंदावला म्हणजे जोर मागें फुटतो व नेम चुकतो. आज्ञापत्रकारास हें ठाऊक होतें. ज्या राज्यांत तोफेच्या कानाची काळजी राजाज्ञेचा विषय होता, त्या राज्यास हत्यारांची निगा ठाऊक नव्हती असें म्हणणारानें अधिक भक्कम पुरावा आणिला पाहिजे. आज्ञा होती म्हणून ती सर्वत्र पाळली गेली असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तें पाहण्याची जागा म्हणजे किल्ल्यांचे हिशेब. तेलाचा, मेणाचा, कोळशाचा खर्च, आणि लोहार, सुतार व शिकलगार ह्यांचीं वेतनें, हीं पुण्याच्या पेशवे दप्तरांत शोधावयास हवींत. सरदेसायांनीं १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड छापिले ते मुख्यतः राजकारणाचे. कोठाराचा हिशेब निवडण्याजोगा कोणास वाटत नाहीं. वाटूं लागेल तेव्हां ह्या वादाचा निकाल लागेल.

तिसरें विधान दुरुस्तीचें. मध्यस्थाचें म्हणणें असें कीं, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रावर नवें चक्र व नवा खटका अर्ध्या दिवसांत तयार होईल, आणि बंदूक पूर्ववत् चालूं लागेल. तयार होईल ह्यांत शंका नाहीं. परंतु पूर्ववत् म्हणजे कोणत्या पूर्वीसारखी? १८१० च्या सुमारास होती तशी, कीं लोहारानें पितळेचा सांधा दिला तेव्हां होती तशी? नवें चक्र बसवून जुनें भंगारांत गेलें म्हणजे तीनही हात एकदम नाहींसे होतात. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापतांना अस्सल पत्र जसें आहे तसें छापण्याचा जो धडा घालून दिला, तो लोखंडास लागू नाहीं असें कोणी म्हटलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. ते म्हणतात, पोथी वाचण्यासाठीं असते, चाप चालण्यासाठीं असतो. न चालणारा चाप म्हणजे न उलगडणारी पोथी. शिवाय गंज स्वस्थ बसत नाहीं. हात न लावण्याचें व्रत घेतलें तर दहा पावसाळ्यांत पुरावा व वस्तु दोन्ही जातील. ह्यांतील दुसरा भाग आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. गंज थांबविणें, जुनें घट्ट झालेलें तेल काढणें, मेणाचा हलका थर देणें, लांकडास ओल व वाळवी लागूं न देणें, ह्यास आम्ही रक्षण म्हणतों. दुरुस्ती म्हणत नाहीं. पोथीस वेष्टन बदलणें व पोथींतील अक्षर बदलणें ह्यांत जो भेद आहे तोच येथें आहे. पहिल्या भागाचें उत्तर असें कीं, चाप कसा चालतो हें दाखवावयाचें असेल तर त्याची नक्कल घडवावी. नक्कल चालेल, शिकवील, मोडली तर दुसरी करतां येईल. अस्सल एकदांच मोडतें.

हें आम्ही परोपदेशाच्या भूमिकेवरून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्रहांतील तोड्याची बंदूक आमच्यापुढें आली होती. तिचा कान झिजून वाटाण्याएवढा झाला होता. संग्राहकांनीं विचारिलें, आणि आम्हीं तो भरून नव्यानें पाडण्यास अनुमति दिली. काम सुबक झालें, सर्वांनीं वाखाणलें. पुढें एका अभ्यासकानें विचारिलें कीं, ही बंदूक शोभेची होती कीं खरोखर वापरांतली? त्याचें उत्तर त्या झिजलेल्या कानाच्या कडांत होतें. कान किती रुंदावला, कोणत्या बाजूस अधिक खाल्ला गेला, ह्यावरून तिनें थोडे बार काढले कीं पुष्कळ ह्याचा अदमास करतां आला असता. तें साधन आमच्या अनुमतीनें नष्ट झालें. बंदूक आजही सुंदर दिसते, आणि त्या प्रश्नावर कांहीं बोलूं शकत नाहीं.

चौथें विधान कायद्याचें. आणि येथें टिपणकारांची चूक मालकांस फार महागांत पडली असती. आपल्याकडे शस्त्रांवर परवान्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें दृढ झालें. सध्यां १९५९ चा कायदा चालूं आहे. त्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घाटाचीं, पुराणवस्तु म्हणून मोलाचीं किंवा मोडकीं हत्यारें वगळलीं आहेत हें खरें. परंतु तीं दुरुस्तीवांचून अथवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरतां येण्याजोगीं नसलीं पाहिजेत अशी त्यास अट आहे. टिपणकारांनीं पहिला अर्धा भाग वाचून दुसरा सोडून दिला. प्रस्तुत बंदुकीचा दोष असा आहे कीं ती नको तेव्हां उडते. उडत नाहीं असा नव्हे. जी वस्तु दुरुस्त करून विकण्याचा प्रस्ताव आहे तीच दुरुस्त होण्यापलीकडची म्हणून कायद्याबाहेर आहे, हा युक्तिवाद एकाच टिपणाच्या दोन पानांवर परस्परांचें खंडन करितो. शिवाय बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा परवान्याखेरीज करतां येत नाहीं; तेव्हां यंत्रावर खटका कापून देणारा कारागीरही नकळत गुन्ह्यांत सांपडला असता. विक्रीपूर्वीं अधिकाऱ्यांस लेखी खबर द्यावी लागते व घेणाराकडेही परवाना असावा लागतो. शंभर वर्षांवरील वस्तूंस १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदाही लागू होतो. त्याप्रमाणें अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं आणि खासगी व्यक्तीस ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. ज्यांच्या घरीं अशी बंदूक आहे त्यांनीं मध्यस्थाच्या टिपणावर न विसंबतां परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय घ्यावा हें उत्तम.

जुनी नादुरुस्त बंदूक विकूंच नये, असा आमचा आग्रह नाहीं. हत्यारें विकलीं गेलीं, गहाण पडलीं, लुटलीं गेलीं, म्हणूनच तीं आपल्यापर्यंत आलीं. वसईच्या वेढ्यांत पोर्तुगीजांनीं मुंबईकर इंग्रजांकडून कर्ज काढलें तेव्हां चर्चमधील चांदीबरोबर पितळी तोफाही तारण दिल्या होत्या. अडचणींत सांपडलेल्यास हत्याराचा पैसा करणें सुटलेलें नाहीं. परंतु विक्रीच्या कागदांत चार गोष्टी असाव्या. वस्तु काय आहे तें चिन्हांसह; ती कोठून आली तें, ठाऊक असेल तेवढेंच; तिच्यांत कोणता दोष आहे व तो कोणाच्या जिवावर बेतूं शकतो तें; आणि तिजवर पूर्वीं कोणकोणत्या दुरुस्त्या झाल्या तें. दोष लपवून विकलेली बंदूक ही खोट्या सनदेहून वाईट. खोटी सनद वतन नेते. अशी बंदूक माणूस नेते. चालती करून दिलेल्या जुन्या नळीविषयीं तर अधिकच सावध राहिलें पाहिजे, कारण चाप नवा झाला म्हणून दोनशें वर्षांचें गंजलेलें बूड नवें होत नाहीं, आणि नवा चाप पाहून कोणास तरी ती भरून पाहण्याचा मोह होतोच.

आमचा अभिप्राय ह्याच आशयाचा गेला. मालकांनीं तो गिऱ्हाइकास दाखविला, आणि सौदा मोडला. वांटणीच्या वेळीं ती रक्कम घरांतल्या धाकट्या भावाच्या वांट्यास यावयाची होती. त्यांचें त्यामुळें नुकसान झालें हें आम्ही विसरलेलों नाहीं. इतिहासाच्या नांवानें दुसऱ्याच्या घरांतला पैसा अडविणें सोपें असतें, म्हणून आम्हीं त्यांस एवढें सांगितलें कीं, खरें वर्णन करून विकल्यास ही बंदूक योग्य संग्रहांत जाण्याजोगी आहे, व त्या कामीं लागेल तें साहाय्य करूं. तूर्त त्यांनीं चापाचीं छायाचित्रें काढून, तीनही हातांच्या खुणांचें टिपण त्यांवर लिहून, त्याची एक प्रत बंदुकीबरोबर व एक आपल्या रुमालांत ठेविली आहे. दोनशें वर्षांनंतर ह्या बंदुकीविषयींचा पहिला कागद त्या घरांत तयार झाला. नळीस मेण दिलें आहे, कान मेणानें बुजविला आहे, आणि बंदूक पूर्वींच्याच खुंटीवर, दंडकाप्रमाणें रिकामी, लावलेली आहे.